विषाणूची रचना व पेशीहून त्याचे निराळेपण

प्राथमिक शाळेतील आरोग्याच्या पाठात "रोग जंतूंमुळे होतात" हे वाक्य हटकून येते. वाक्य खोटे नाही. परंतु 'जंतू' ह्या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू एकत्र बांधल्या जातात. पटकी, क्षय, विषमज्वर, धनुर्वात हे रोग जीवाणूंमुळे होतात. गोवर, कांजिण्या, गालगुंड, पोलिओ, इन्फ्लुएंझा आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज हे रोग विषाणूंमुळे होतात. ह्या दोहोंत फरक आहे तो केवळ लहानमोठेपणाचा, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. जीवाणू कितीही लहान असला तरी तो एक पूर्ण पेशी आहे. विषाणू ही पेशीच नव्हे.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. सर्दीपडशाला पेनिसिलिन का लागू पडत नाही, कुत्रा चावल्यावर जखम साबणानेच का धुवावयाची, विहिरीच्या पाण्यात टीसीएल पूड का टाकावयाची, देवीचा रोग एका लशीने पृथ्वीवरून कसा नाहीसा झाला, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे विषाणूच्या रचनेत आहेत. खेड्यातील पालक असे प्रश्न पुष्कळदा प्रथम शिक्षकालाच विचारतात. म्हणून ही रचना शिक्षकाच्या मनात स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

१. पेशी : एक नांदते घर

इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्याने जे नाव दिले, त्याला मराठीत आपण पेशी म्हणतो. पुढे १८३८ व १८३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी ह्या दोहोंचीही शरीरे पेशींची बनलेली असतात, हा सिद्धान्त मांडला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे तत्त्व १८५५ मध्ये फिर्खो ह्याने प्रतिपादिले.

पेशीला नांदत्या घराची उपमा देता येईल. घराला भिंत असते. पेशीला स्निग्ध पदार्थ व प्रथिने ह्यांचे पटल असते, आणि कोणती वस्तू आत घ्यावी व कोणती बाहेर टाकावी हे त्यावर ठरते. घरात चूल असते. पेशी अन्नापासून शक्ती निर्माण करते. घरात कामकरी हात असतात. पेशीत रायबोसोम नावाचे अतिसूक्ष्म कण असतात व ते अहोरात्र प्रथिने घडवितात. घरात दप्तर असते. पेशीत डीएनए ह्या न्यूक्लिइक आम्लाच्या लांब धाग्यावर त्या जीवाच्या घडणीची सर्व माहिती साठविलेली असते. दप्तरातील मजकुराची नक्कल आरएनए ह्या दुसऱ्या न्यूक्लिइक आम्लात उतरते व ती वाचून रायबोसोम काम करतात.

जीवाणूचे घर एका खोलीचे आहे. त्याच्या पेशीत वेगळे केंद्रक नाही. परंतु पटल, शक्ती निर्माण करण्याची व्यवस्था, रायबोसोम आणि दप्तर ही चारही त्याच्याजवळ आहेत. त्यामुळे योग्य अन्न मिळाले की बहुतेक जीवाणू स्वतःच्या बळावर वाढतात व दुभंगून एकाचे दोन होतात. दुधाचे दही होते ते अशाच जीवाणूंच्या वाढीने.

२. विषाणूचा शोध कसा लागला

विषाणूची ओळख प्रथम एका पिकाच्या रोगावरून पटली. तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उठते व झाड खुरटते. रोगट पानांचा रस निरोगी झाडास टोचल्यास त्यासही तो रोग जडतो, हे हॉलंडमध्ये काम करणाऱ्या अडॉल्फ मायर ह्याने १८८६ मध्ये दाखविले. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्की ह्याने तो रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. ह्या गाळणीची छिद्रे इतकी बारीक असतात की त्यांतून जीवाणू पार होत नाहीत. तरीही गाळलेल्या रसाने झाडे आजारी पडली. १८९८ मध्ये बायरिंक ह्या डच शास्त्रज्ञाने असे दाखविले की, रोगट रसातील हे द्रव्य जिवंत झाडात वाढत जाते. पण नुसत्या रसात ठेवल्यास वाढत नाही. त्याने त्यास 'व्हायरस' म्हटले. लॅटिन भाषेत ह्या शब्दाचा अर्थ विष असा आहे. मराठीतील 'विषाणू' हा शब्दही त्याच अर्थाचा आहे.

१९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली ह्याने तंबाखूच्या ह्या विषाणूचे स्फटिक मिळविले. ते बाटलीत ठेवावे, पुन्हा पाण्यात विरघळवून पानाला लावावे, की रोग उत्पन्न होई. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमधील बॉडन व पिरी ह्यांनी ह्या स्फटिकात प्रथिनाबरोबर आरएनए असल्याचे दाखविले. १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ह्या विषाणूच्या सरळ काड्या प्रत्यक्ष दिसल्या.

सर्वांत बोलका प्रयोग १९५५ मधील आहे. फ्रेंकेल-कॉनराट व विल्यम्स ह्यांनी ह्या विषाणूचे प्रथिन व आरएनए वेगवेगळे केले. नंतर ती दोन्ही द्रव्ये पुन्हा एकत्र केली, तेव्हा विषाणूच्या काड्या आपोआप जुळून आल्या व त्यांनी पानांवर रोग उठविला. कोणतीही पेशी अशी सुटी करून पुन्हा जोडता येत नाही. ती मोडली की मरते. विषाणू मोडतो व जुळतो. दोहोंतील मूलभूत अंतर ह्या एका प्रयोगात दिसून येते.

३. विषाणूची रचना : एक मोहोरबंद लखोटा

पेशी हे नांदते घर, तर विषाणू हा केवळ मोहोरबंद लखोटा होय. त्यात चूल नाही, कामकरी हात नाहीत. आत एक हुकूम लिहिलेला आहे, एवढेच. त्याचे मुख्य भाग दोन :

(अ) न्यूक्लिइक आम्ल. हा लखोट्यातील मजकूर. पेशीत डीएनए व आरएनए दोन्ही असतात. विषाणूच्या कणात सामान्यतः दोहोंपैकी एकच असते. देवीच्या विषाणूत डीएनए होते. पोलिओ, गोवर, रेबीज व करोना ह्यांच्या विषाणूंत आरएनए असते.

(आ) प्रथिनकवच. हा मजकुराभोवतीचा कागद. विषाणूचा मजकूर अगदी आखूड असतो. त्यात नाना प्रकारच्या विटांचे नमुने लिहून ठेवण्यास जागा नसते. म्हणून एक किंवा थोड्याच प्रकारच्या विटा पुनःपुन्हा रचून कवच तयार होते. तंबाखूच्या विषाणूत एकाच प्रथिनाचे सुमारे २,१३० कण जिन्याच्या गोल पायऱ्यांप्रमाणे रचलेले असून त्यांच्या वळणांत आरएनएचा धागा गुंफलेला असतो. हा धागा नेमका कोठे आहे हे क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविण्याचे श्रेय रोझलिंड फ्रँक्लिन ह्या विदुषीकडे जाते. पोलिओच्या विषाणूत चार प्रथिनांचा संच ६० वेळा रचून वीस त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीसारखे कवच झालेले असते. जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या काही विषाणूंना डोके व शेपूट असे दोन भाग असतात. विषाणूंच्या आकारात जो रेखीवपणा दिसतो, त्याचे कारण ही सारख्या विटांची रचना होय.

काही विषाणूंना तिसरा भाग असतो :

(इ) स्निग्ध आवरण. पेशीतून बाहेर पडताना हे विषाणू पेशीच्याच पटलाचा तुकडा अंगाभोवती लपेटून घेतात. त्या आवरणात विषाणूची स्वतःची प्रथिने टोचलेल्या काट्यांसारखी बसविलेली असतात. इन्फ्लुएंझा, गोवर, करोना व रेबीज ह्यांचे विषाणू अशा आवरणाचे आहेत. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो आणि तो अवघ्या पाच प्रकारच्या प्रथिनांचा बनलेला असतो. पोलिओ आणि पाण्यावाटे पसरणारी हिपॅटायटिस ए ही कावीळ ह्यांच्या विषाणूंना असे आवरण नसते. ह्या तिसऱ्या भागाचे असणे-नसणे व्यवहारात किती महत्त्वाचे आहे, हे पुढे येईल.

४. आकारमान

विषाणू नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हा आकडा मुलांच्या मनात ठसत नाही. त्याऐवजी सर्व वस्तू एक लाख पट मोठ्या झाल्या अशी कल्पना करावयास सांगावे. मग पोलिओचा विषाणू बाजरीच्या दाण्याएवढा, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर होईल. रेबीजचा विषाणू शेंगदाण्याएवढा, आणि तंबाखूचा विषाणू आगकाडीहून थोडा आखूड होईल. एक सामान्य जीवाणू वीतभर लांब होईल. रक्तातील एक तांबडी पेशी पाऊण मीटर रुंदीच्या परातीएवढी, आणि गालाच्या आतील त्वचेची एक पेशी वर्गाच्या खोलीएवढी, पाच-सहा मीटर होईल. त्याच प्रमाणात पहिली-दुसरीतील मुलाची उंची सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे मुंबईपासून पुण्यापर्यंतच्या सरळ अंतराएवढी भरेल.

मात्र लहान आकार ही विषाणूची खरी खूण नव्हे. इंग्लंडमध्ये १९९२ साली पाणी थंड करण्याच्या एका मनोऱ्यातून घेतलेल्या पाण्यात अमीबाच्या पेशीत वाढणारी एक वस्तू सापडली. ती सामान्य सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत असल्याने जीवाणू समजली गेली. तो महाकाय विषाणू असल्याचे २००३ मध्ये सिद्ध झाले. आकार मोठा असला तरी त्याच्याजवळ रायबोसोम नव्हते. विषाणू ओळखावयाचा तो रचनेवरून.

५. विषाणूंची संख्या कशी वाढते

पेशी वाढते व दुभंगते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार होतात. विषाणू कधीही दुभंगत नाही. प्रथम त्याच्या बाहेरील प्रथिनांचा आकार पेशीच्या पृष्ठभागावरील एखाद्या कणाशी कुलूप-किल्लीप्रमाणे जुळावा लागतो. जुळला तरच तो चिकटतो. म्हणून प्रत्येक विषाणू ठरावीक जीवांच्या ठरावीक पेशींतच शिरतो. आत शिरल्यावर कवच उलगडते व मजकूर मोकळा होतो. मूळ विषाणू, विषाणू म्हणून, येथेच संपतो.

पेशीच्या कामकरी हातांना घरचा हुकूम व परका हुकूम ह्यांतील फरक कळत नाही. पेशीचे रायबोसोम, पेशीची शक्ती व पेशीतील साहित्य वापरून विषाणूचा मजकूर व विषाणूच्या विटा तयार होतात. मग ते सुटे भाग जुळून शेकडो नवे कण बनतात आणि पेशी फोडून किंवा तिच्या पटलाचा तुकडा घेऊन बाहेर पडतात.

मग विषाणू सजीव की निर्जीव, हा प्रश्न मुले विचारतातच. पेशीबाहेर तो खात नाही, श्वसन करीत नाही, वाढत नाही. पेशीत शिरल्यावर मात्र त्याच्या प्रतिकृती होतात व पिढ्यांगणिक त्यांत बदलही घडतात. शास्त्रज्ञांतही ह्याविषयी एकमत नाही. वर्गात एवढेच सांगणे पुरेसे आहे की, विषाणू सजीवाच्या पेशीबाहेर स्वतःचे कोणतेही जीवनकार्य करू शकत नाही. त्यास बीजाची उपमा देणे टाळावे. बीजात जिवंत पेशी व साठविलेले अन्न असते, आणि ते नुसत्या ओलाव्याने रुजते. विषाणूजवळ ह्यांपैकी काहीच नाही.

६. रचनेवरून निघणारे व्यावहारिक निष्कर्ष

औषधांविषयी. पेनिसिलिन हे औषध जीवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमवर काम करते. विषाणूला भित्तिकाही नाही आणि रायबोसोमही नाहीत. तो आपल्याच पेशींचे रायबोसोम वापरतो. साहजिकच ही प्रतिजैविके त्यास लागू पडत नाहीत. सर्दीपडशासाठी ती परस्पर आणून घेतल्याने सर्दी बरी होत नाही. उलट शरीरातील इतर जीवाणूंपैकी त्या औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी औषध निकामी ठरते. गोवरानंतर जीवाणूंमुळे फुप्फुसाचा दाह झाल्यास डॉक्टर प्रतिजैविक देतात. तो निर्णय डॉक्टरांचा. एचआयव्हीसारख्या काही विषाणूंवर आज स्वतंत्र औषधे आहेत. ती त्या त्या विषाणूच्या खास प्रथिनांना अडवितात, म्हणून एका विषाणूचे औषध सामान्यतः दुसऱ्यास चालत नाही.

साबणाविषयी. साबण तेलकट पदार्थ फोडतो. ज्या विषाणूंना स्निग्ध आवरण आहे ते साबणाने विस्कटून निकामी होतात. रेबीजच्या बाबतीत ह्याचे मोल फार मोठे आहे. कुत्रा, मांजर, माकड ह्यांनी चावल्यास किंवा ओरबाडल्यास जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद, तेल असे काहीही लावू नये. मुलास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे व डॉक्टर सांगतील त्या प्रत्येक तारखेस लस टोचून घ्यावी. जखम खोल असल्यास लशीबरोबर प्रतिपिंडांचे औषधही द्यावे लागते. हा विषाणू जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्यास बहुधा काही आठवडे ते महिने लागतात, आणि तेवढ्याच अवधीत लस काम करू शकते. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मार बसेल ह्या भीतीने मुले चावा लपवितात. चाव्याची गोष्ट शिक्षकाला निर्धास्तपणे सांगता आली पाहिजे, एवढा विश्वास वर्गात असणे म्हणूनच आवश्यक आहे.

पाण्याविषयी. ज्यांना आवरण नाही असे विषाणू अधिक टणक असतात. ते आतड्यातून विष्ठेवाटे पाण्यात जातात व तेथे टिकून राहतात. पोलिओ व हिपॅटायटिस ए ह्याच मार्गाने पसरतात. त्यांच्यासाठी शौचालयाचा वापर, पाणी उकळणे किंवा टीसीएल पुडीने शुद्ध करणे हेच उपाय. हात साबणाने चोळून धुण्याचा येथेही उपयोग होतो. कारण विषाणू फुटला नाही तरी पाण्याबरोबर वाहून जातो.

लशीविषयी. आपले शरीर विषाणूच्या बाहेरील प्रथिनांचा आकार ओळखून त्यास बरोबर बसतील अशी प्रतिपिंडे तयार करते. लस म्हणजे त्या आकाराची आगाऊ ओळख. पोलिओच्या डोसातील थेंबांत दुर्बल केलेला विषाणू असतो. टोचण्याच्या लशीत मारलेला. एडवर्ड जेन्नर ह्याने देवीविरुद्ध पहिली लस १७९६ मध्ये दिली. देवीचा विषाणू केवळ माणसातच राहत असल्यामुळे लशीने त्यास थारा उरला नाही. भारतातील शेवटचा रोगी १९७५ मध्ये आढळला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये देशास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पेशीबाहेर विषाणूची वाढ होत नाही. म्हणून प्रत्येक मुलाचे लसीकरण पूर्ण करणे म्हणजे त्याचे एकेक घर बंद करणे होय.

विषाणूंच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातच एक मोठी संस्था आहे, हेही मुलांना सांगावे. पुणे येथे १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र निघाले. तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. भारतात आढळलेल्या करोना विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्र २०२० मध्ये ह्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी घेतले.

७. वर्गातील कार्य

(१) शाळेत सूक्ष्मदर्शक असल्यास कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून पेशी दाखवाव्यात. त्यातून विषाणू दिसणार नाही, हेही स्पष्ट सांगावे.

(२) वर्गाची खोली ही एक पेशी मानावी. जमिनीवर वीतभर लांबीचा जीवाणू खडूने काढावा व शेजारी बाजरीचा एक दाणा ठेवावा. हा दाणा केवळ आकारापुरता आहे, बीज म्हणून नाही, याची आठवण द्यावी.

(३) जाड कागदाचे ५ सेंटिमीटर बाजूचे २० समभुज त्रिकोण कापून, प्रत्येक कोपऱ्यात पाच त्रिकोण येतील असे चिकटवावेत. १२ कोपऱ्यांची बंद आकृती तयार होते. शेवटचा त्रिकोण चिकटविण्यापूर्वी आत मण्यांची माळ ठेवावी. माळ म्हणजे आरएनए व कागद म्हणजे कवच. भूमितीचा पाठही ह्यात साधतो.

(४) दोन बाटल्यांत पाणी व थोडे तेल घ्यावे. एकीत साबणाचे पाणी मिसळावे. दोन्ही हलवून ठेवाव्यात. साध्या पाण्यावर तेलाचा थर लवकर परत जमतो. साबणाच्या पाण्यात तेलाचे बारीक थेंब होऊन बराच वेळ तसेच राहतात. स्निग्ध आवरणाचे काय होते ते ह्यावरून समजावे.

(५) शेतात किंवा परसात भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडलेल्या आढळल्यास मुलांना दाखवाव्यात. हा केवडा रोग विषाणूमुळे होतो व पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाड औषधाने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे लागते.

पाठाच्या शेवटी पुढील प्रश्न विचारावेत. जीवाणूजवळ आहे पण विषाणूजवळ नाही, असे काय काय आहे? दह्याप्रमाणे नुसत्या दुधात विषाणू का वाढत नाही? पेनिसिलिनने गोवर का बरा होत नाही? कुत्रा चावल्यावर पहिली १५ मिनिटे काय करावे, आणि का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वर्गातील प्रत्येक मुलास कारणासह देता येईपर्यंत पाठ पुरा झाला असे समजू नये.